पाण्यात म्हैस, पडद्यावर मोल
इंटरनेटवरील लिलावात बोली लावण्यापूर्वी

लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव पुकारला जातो, तेव्हा व्यापारी ट्रॉलीतील कांदा हातात घेतो, दाबून पाहतो आणि मगच भाव बोलतो. माल विकणारा शेतकरी समोर असतो, चढाओढ करणारे इतर व्यापारीही खांद्याला खांदा लावून उभे असतात. इंटरनेटवरील लिलावात यांपैकी काहीच नसते. माल दिसतो तो छायाचित्रात, विक्रेता दिसतो तो टोपणनावात, आणि प्रतिस्पर्धी तर दिसतच नाही. ‘पाण्यात म्हैस, वर मोल’ ही म्हण ज्यांनी घडविली त्यांना संगणक ठाऊक नव्हता. परंतु या व्यवहाराचे याहून नेमके वर्णन करणे कठीण आहे.

या बाजाराचा आरंभ सप्टेंबर १९९५ मध्ये झाला. पिएर ओमिडयार या संगणक अभियंत्याने अमेरिकेत ‘ऑक्शनवेब’ नावाचे संकेतस्थळ सुरू केले. त्यावर विकली गेलेली पहिली वस्तू म्हणून सांगितली जाते ती एक बिघडलेला लेझर पॉइंटर. त्याला १४ डॉलर ८३ सेंट मिळाले. १९९७ मध्ये त्याचेच नाव ‘ईबे’ झाले. आपल्याकडे २००० साली मुंबईतून ‘बाझी डॉट कॉम’ सुरू झाले, २००४ मध्ये ते ईबेने सुमारे पाच कोटी डॉलरला विकत घेतले, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ईबेचे भारतीय दुकान बंदही झाले. त्यामुळे आज मराठी ग्राहकाचा ऑनलाइन बोलीशी संबंध येतो तो मुख्यतः तीन ठिकाणी : परदेशी लिलाव स्थळे, नाणी-तिकिटे-चित्रे विकणारी लिलावगृहे आणि बँकांनी जप्त केलेली घरे व गाळे. तिन्ही ठिकाणचे धोके वेगवेगळे आहेत.

बोली चढते कशी?

पुष्कळांचा समज असा, की संकेतस्थळावर जो आकडा टाकावा तेवढे पैसे द्यावे लागतात. ईबेसारख्या स्थळावर तसे नसते. ग्राहकाने आपली कमाल बोली एकदाच नोंदवायची असते आणि त्याच्या वतीने यंत्रणाच गरजेपुरती पायरी-पायरीने बोली वाढवीत जाते. समजा, एका जुन्या कॅमेऱ्याची किंमत १२० डॉलरवर आहे. एकाने कमाल १६० डॉलर नोंदविले आहेत आणि दुसऱ्याने २००. या टप्प्यावर पायरी अडीच डॉलरची असल्याने किंमत १६२ डॉलर ५० सेंटवर येऊन थांबेल आणि २०० वाला पुढे राहील. त्याची खरी मर्यादा कोणालाच कळणार नाही. म्हणजे जिंकणारा आपल्या मनातील नव्हे, तर दुसऱ्या क्रमांकाच्या ग्राहकाच्या मनातील किंमत, अधिक एक पायरी, एवढेच देतो. अशा लिलावात आपल्या लेखी वस्तूचे जे खरे मोल असेल तेच सांगणे शहाणपणाचे ठरते, हे अर्थशास्त्रज्ञ विल्यम विकरी यांनी १९६१ मध्येच, संगणकी लिलावाच्या कितीतरी आधी, दाखवून दिले होते. १९९६ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले.

कागदावर हे सोपे वाटते. प्रत्यक्षात मात्र माणूस आधी १३० टाकतो, कोणी पुढे गेले की १४०, मग १५०. प्रत्येक वेळी ‘आता आणखी पाचच’ असे मन म्हणते. लिलाव संपतो तेव्हा तीच वस्तू दुकानात कमी किमतीला उपलब्ध असल्याचे ध्यानात येते. तेल कंपन्यांच्या बोलींचा अभ्यास करणाऱ्या तीन अभियंत्यांनी १९७१ मध्ये ज्या प्रकाराची चर्चा केली, त्यालाच पुढे ‘विजेत्याचा शाप’ असे नाव रूढ झाले. वस्तूच्या किमतीबाबत सर्वांचाच अंदाज असतो आणि ज्याचा अंदाज सर्वांत चढा, म्हणजे बहुधा सर्वांत चुकीचा, तोच जिंकतो. यावर उपाय एकच. बोलीपूर्वी त्याच वस्तूच्या पूर्ण झालेल्या विक्रीच्या किमती पाहाव्यात. विक्रेत्यांनी मागितलेल्या किमती उपयोगाच्या नसतात. मागायला काय, कोणीही काहीही मागतो. जो आकडा योग्य वाटेल तो कागदावर लिहून ठेवावा आणि त्याच्या पुढे जाऊ नये.

शेवटच्या काही सेकंदांत बोली टाकण्याची पद्धतही फार जुनी. ईबेवरील लिलाव ठरल्या क्षणी बंद होतो, तर अ‍ॅमेझॉनने पूर्वी चालविलेल्या लिलावांत अखेरच्या मिनिटांत बोली आली की मुदत वाढत असे. आल्विन रॉथ आणि अ‍ॅक्सेल ओकेनफेल्स यांनी २००२ मध्ये दोन्हींची तुलना केली, तेव्हा ईबेवर शेवटच्या क्षणीच्या बोली कितीतरी अधिक आढळल्या. भारतातील बहुतेक सरकारी व बँकांच्या ई-लिलावांत मुदत आपोआप वाढण्याचीच सोय असते. तेव्हा आपण ज्या ठिकाणी उतरलो तेथील नियम कोणता, हे आधी वाचलेले बरे. कमाल बोली पूर्वीच नोंदविलेल्याला मात्र घड्याळाकडे डोळे लावून बसण्याचे कारण उरत नाही.

घरचीच माणसे बोली लावतात तेव्हा

मे २००० मध्ये ईबेवर एका चित्राची बोली १ लाख ३५ हजार ८०५ डॉलरपर्यंत गेली. चित्रावरील आद्याक्षरांमुळे ते रिचर्ड डीबेनकॉर्न या नामांकित चित्रकाराचे असावे, असा ग्राहकांचा समज झाला होता. चौकशीत उघड झाले, की कॅलिफोर्नियातील त्या वकील विक्रेत्याने स्वतःच्याच वस्तूवर बोली लावली होती आणि साथीदारांसह इतर अनेक लिलावांतही बनावट खात्यांवरून भाव चढविले होते. ईबेने विक्री रद्द केली आणि पुढे त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला.

ही युक्ती आजही चालते. बोलीच्या इतिहासात एकच खाते वारंवार, आणि ते त्याच विक्रेत्याच्या वस्तूंवर, बोली लावताना दिसत असेल, ते कधीच जिंकत नसेल, तर तेथून काढता पाय घ्यावा. आपला कायदा याबाबत स्पष्ट आहे. १९३० च्या मालविक्री कायद्याचे कलम ६४ सांगते, की विक्रेत्याने आपला बोलीचा हक्क आधी जाहीर केला नसेल, तर त्याने स्वतः किंवा दुसऱ्याकरवी बोली लावणे बेकायदा आहे. आणि खोट्या बोलीने किंमत फुगविली असेल, तर ती विक्री रद्द करण्याचा अधिकार खरेदीदाराला आहे. याच कलमानुसार हातोडा पडेपर्यंत बोली मागे घेता येते. संकेतस्थळांचे नियम मात्र याहून कडक असतात. आकडा चुकीचा टंकला जाणे किंवा वस्तूचे वर्णन मध्येच बदलणे, अशा मोजक्या कारणांसाठीच बोली मागे घेता येते.

विक्रेत्याची पारख

ग्राहकांचे अभिप्राय पाहावेत, हा सल्ला सर्वच देतात. ते कसे पाहावेत हे थोडेच सांगतात. शंभर टक्के समाधानाचा आकडा फसवा असू शकतो. दोन-दोन डॉलरच्या वस्तू विकून शेकडो चांगले अभिप्राय जमवायचे आणि मग एकाच आठवड्यात वीस महागडे कॅमेरे विक्रीस लावायचे, हा जुना डाव आहे. म्हणून अभिप्राय कोणत्या वस्तूंसाठी आहेत आणि किती अलीकडचे आहेत, हे तपासावे. वाईट अभिप्राय आधी वाचावेत. छायाचित्र त्याच वस्तूचे आहे, की कंपनीच्या जाहिरातीतून उचललेले आहे, हे पाहावे. शंका आल्यास विक्रेत्याकडे आणखी एक छायाचित्र मागावे. खरा विक्रेता सहसा नाराज होत नाही.

पैसे देताना एकच पथ्य : व्यवहार संकेतस्थळाच्या बाहेर नेऊ नये. लिलाव हरलेल्या ग्राहकाला ‘विजेत्याने माघार घेतली, वस्तू तुम्हाला देतो, पैसे थेट खात्यात भरा’ असा संदेश येतो. दुसरी संधी देण्याची सोय ईबेवर खरोखर आहे, पण खरा प्रस्ताव संकेतस्थळावरील आपल्या खात्यातच दिसतो. केवळ ईमेलमध्ये आलेला बहुधा सापळाच असतो. मध्यस्थ म्हणून पैसे सांभाळणाऱ्या बनावट कंपन्यांची संकेतस्थळेही याच जातकुळीतील. ईबेची परतफेडीची हमी त्याच्याच यंत्रणेतून पैसे भरले तरच लागू होते, आणि अपेक्षित पोहोच-तारखेपासून ३० दिवसांच्या आत तक्रार करावी लागते. क्रेडिट कार्डाने पैसे दिले असल्यास बँकेमार्फत रक्कम परत मागण्याचा आणखी एक मार्ग उरतो. यूपीआयबाबत तर एवढेच पुरे, की पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीच लागत नाही. ‘हा कोड स्कॅन करा, पैसे जमा होतील’ असे सांगणारा पैसे काढून घेण्याच्या बेतात असतो.

परदेशातून वस्तू मागविताना सीमाशुल्क, कर आणि टपालखर्च धरूनच कमाल बोली ठरवावी. स्वस्तात मिळालेले घड्याळ दारात येईपर्यंत महाग पडल्याच्या कहाण्या काही कमी नाहीत.

जुन्या नोटांचे सोने

पाच रुपयांच्या ट्रॅक्टरच्या नोटेला लाखो रुपये, अमुक नाण्याला दहा लाख, अशा जाहिराती अनेकांनी पाहिल्या असतील. येथे फसतो तो विकणारा. ‘खरेदीदार’ आधी नोंदणी शुल्क, मग कर, मग कमिशन मागतो, तेही रिझर्व्ह बँकेच्या नावाने. अशा व्यवहारांशी आपला काहीही संबंध नाही आणि त्यासाठी आपण कोणतेही शुल्क घेत नाही, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीरपणे कळविले होते. खऱ्या लिलावगृहात विक्रेत्याचे कमिशन विक्रीच्या रकमेतून कापले जाते. आगाऊ पैसे मागितले, की समजून जावे.

घराची बोली : चुकीला माफी नाही

कॅमेऱ्यात फसलेला माणूस हळहळतो आणि विसरतो. बँकेच्या लिलावात मात्र आयुष्याची पुंजी पणाला लागते. कर्ज बुडाल्यावर सरफेसी कायद्याखाली (२००२) ताब्यात घेतलेली मालमत्ता ई-लिलावात निघते. सरकारी बँकांच्या अशा मालमत्ता ‘बँकनेट’ या संकेतस्थळावर पाहता येतात. बोलीसाठी आधी अनामत रक्कम भरावी लागते. बोली जिंकल्यास अनामतीसह २५ टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामाच्या दिवशी, आणि उरलेली ७५ टक्के विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत भरायची असते. मुदत लेखी संमतीने वाढू शकते, पण तीन महिन्यांपलीकडे नाही. गृहकर्ज मंजूर होईलच, या भरवशावर बोली लावणारे येथेच अडकतात. उर्वरित रक्कम वेळेत न भरल्यास भरलेले २५ टक्के जप्त होतात. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये अशी जप्ती वैध ठरविली आहे.

दुसरी मेख नोटिशीतील शब्दांत असते. ‘जसे आहे, जेथे आहे’ या तत्त्वावरील विक्रीत सोसायटीची थकबाकी, मालमत्ता कर, चालू खटले यांचा भार खरेदीदाराकडे येऊ शकतो. पूर्वीच्या मालकाचे थकलेले वीजबिलही नियमांत तरतूद असल्यास नव्या जोडणीपूर्वी मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये म्हटले आहे. ताबा ‘प्रत्यक्ष’ आहे की ‘प्रतीकात्मक’, हा शब्द भिंगातून वाचावा. प्रतीकात्मक असेल तर घरात अजून कोणीतरी राहत आहे, असाच त्याचा अर्थ घ्यावा. सोसायटीच्या सचिवाला भेटावे, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून शोध घ्यावा, जागा स्वतः पाहावी आणि वकिलाचे शुल्क वाचवू नये.

फसवणूक झालीच तर

पैसे गेल्याचे कळताच १९३० या क्रमांकावर दूरध्वनी करावा. रक्कम पुढच्या खात्यांत वळण्यापूर्वी गोठविता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते. त्याच वेळी आपल्या बँकेलाही कळवावे. जाहिरातीचे पान, संदेश आणि पावत्या जपून ठेवाव्यात, कारण जाहिरात सर्वांत आधी नाहीशी होते. संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसविल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ड नुसार तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

वस्तू मिळाली पण सदोष निघाली, तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक स्वतः राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करू शकतो. मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही. तक्रार ‘ई-जागृती’ या संकेतस्थळावरूनही करता येते. विक्रेता परदेशी असल्यास या साऱ्याचा व्यवहारात फारसा उपयोग होत नाही, तेथे संकेतस्थळाची हमी आणि कार्ड हीच खरी साधने. आणि पुन्हा विकून नफा मिळविण्यासाठी वस्तू घेणारा या कायद्याच्या लेखी ग्राहकच नसतो. स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्याच्या स्वतःच्या वापरासाठीची खरेदी हा त्यातील अपवाद. इतरांना दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागते.