जन्मानंतर बंद झालेलं जनुक पुन्हा सुरू करता येतं का? सिकलसेलच्या उपचारामागचं विज्ञान

सिकलसेलचा आजार घेऊन जन्मलेलं बाळ पहिले काही महिने ठणठणीत दिसतं. सहा महिन्यांच्या आसपास हातापायांना सूज, वेदना, रक्त कमी होणं अशी लक्षणं दिसू लागतात. सदोष जनुक तर गर्भात असल्यापासूनच शरीरात असतं. मग इतके दिवस त्रास का होत नाही?

कारण जनुक शरीरात असणं आणि ते वाचलं जाणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ट्रान्सक्रिप्शन म्हणजे काय?

माणसाच्या डीएनएमध्ये प्रथिनं बनवण्याची माहिती असलेली सुमारे २० हजार जनुकं आहेत. केंद्रक असलेल्या जवळपास प्रत्येक पेशीत हा पूर्ण संच असतो. पण डीएनए केंद्रकात राहतो आणि प्रथिनं केंद्रकाबाहेर बनतात. सरकारी कार्यालयात मूळ दप्तर जागेवरच राहतं आणि आपल्याला त्याची नक्कल मिळते, तसंच इथेही होतं. जनुकाची ही नक्कल म्हणजे आरएनए आणि ती काढण्याची क्रिया म्हणजे ट्रान्सक्रिप्शन.

हे काम आरएनए पॉलिमरेज नावाचं एन्झाइम करतं. जनुकाच्या सुरुवातीला 'प्रमोटर' नावाची जागा असते. एन्झाइम तिथे बसतं, डीएनएचे दोन धागे तेवढ्यापुरते सुटे करतं आणि एका धाग्यावरची अक्षरं वाचत आरएनए जोडत जातं. या कच्च्या नकलेतले नको असलेले तुकडे कापले जातात आणि मग ती केंद्रकाबाहेर जाते. हे यंत्र नेमकं कसं चालतं हे उलगडल्याबद्दल रॉजर कोर्नबर्ग यांना २००६ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

कोणतं जनुक वाचायचं, हे कसं ठरतं?

सगळी जनुकं एकाच वेळी वाचली जात नाहीत. डोळ्याच्या पेशीला हिमोग्लोबिनचं काम नसतं. डीएनए प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. जिथे गुंडाळी घट्ट, तिथली जनुकं सहसा बंद असतात.

याशिवाय 'ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर' नावाची प्रथिनं डीएनएवर बसून नक्कल वाढवतात किंवा थांबवतात. त्यांच्या बसण्याच्या काही जागांना 'एन्हान्सर' म्हणतात. त्या जनुकापासून हजारो अक्षरं दूरही असू शकतात. डीएनए वळून त्या प्रमोटरजवळ येतात.

बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं

गर्भातल्या बाळाला आईच्या रक्तातून ऑक्सिजन ओढून घ्यावा लागतो. त्यासाठी त्याच्याकडे खास हिमोग्लोबिन असतं. त्यात 'गॅमा' जनुकांपासून बनलेला भाग असतो. जन्माच्या सुमारास गॅमा बंद होत जातं आणि 'बीटा' जनुक जोर धरतं. सिकलसेलचा दोष या बीटा जनुकातल्या एका अक्षरात आहे. म्हणजे गर्भातलं हिमोग्लोबिन भरपूर असेपर्यंत बाळाला संरक्षण मिळतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी १९४८ मध्येच हा अंदाज मांडला होता.

गॅमा बंद कोण करतं, हे मात्र बरंच नंतर कळलं. २००८ मध्ये 'बीसीएल११ए' या ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरची भूमिका समोर आली. हे प्रथिन गॅमा जनुकांना दाबून ठेवतं.

उपचार कसा होतो?

बीसीएल११ए पूर्ण बंद करून चालत नाही, कारण इतर पेशींना त्याची गरज असते. शास्त्रज्ञांनी त्याचा असा एन्हान्सर शोधला, जो लाल रक्तपेशी तयार होताना वापरला जातो. 'कॅसजेव्ही' या उपचारात रुग्णाच्याच स्टेम सेल काढून क्रिस्पर तंत्राने त्या एन्हान्सरवर काप देतात आणि पेशी शरीरात परत सोडतात. बीटामधला दोष तसाच राहतो, पण गॅमा पुन्हा वाचलं जाऊ लागतं.

ब्रिटन आणि अमेरिकेने २०२३ च्या अखेरीस याला मंजुरी दिली. अमेरिकेतल्या मंजुरीच्या वेळी ज्या ३१ रुग्णांची पुरेशी माहिती हाती होती, त्यातल्या २९ जणांना सलग किमान वर्षभर तीव्र वेदनांचा झटका आला नव्हता. मात्र त्याआधी जड केमोथेरपी घ्यावी लागते आणि अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर आहे.

आपल्याकडे काय?

महाराष्ट्रात विदर्भ आणि नंदुरबारच्या आदिवासी भागांत सिकलसेलचं प्रमाण जास्त आहे. इथल्या बहुतेक कुटुंबांसाठी हा उपचार आवाक्याबाहेरचा आहे. पण हायड्रॉक्सियुरिया हे तुलनेने स्वस्त औषधही गर्भातल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण वाढवतं. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावं लागतं.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. घरात सिकलसेल असेल, तर बाळ ठणठणीत दिसतंय म्हणून तपासणी टाळू नये. ते पहिले महिने गॅमा जनुकांच्या कृपेने मिळालेले असतात.