खानदेशातील मोटार वाहतूक आणि सायलेन्सरमधील फेरबदल : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

खानदेशच्या आर्थिक इतिहासात रस्त्यांना महत्त्वाचे स्थान आहे. 1906 मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे विभाजन झाले व त्यातूनच पुढे जळगाव आणि धुळे हे जिल्हे आकारास आले. 1998 मध्ये धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळे येथे परस्परांना छेदतात. मात्र मोटारीचा इतिहास बहुधा कारखाने व उत्पादन यांच्या अंगानेच लिहिला जातो. मोटार विकली गेल्यानंतर वापरणाऱ्याने तिच्यात केलेले फेरबदल दुर्लक्षित राहतात. मूळचा सायलेन्सर काढून बाजारातील मोकळा सायलेन्सर बसविणे हा असाच एक फेरबदल होय. 'आवाज मोठा तर ताकद मोठी' या त्यामागील समजुतीची ऐतिहासिक व तांत्रिक चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

भूप्रदेश आणि इंजिनाची ओढ :

तापी व गिरणेच्या खोऱ्यातील सपाट प्रदेश डोंगररांगांनी वेढलेला आहे. चाळीसगावहून कन्नडकडे जाताना औट्रम घाट चढावा लागतो. 1825 मध्ये खानदेशात भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याचे नाव या घाटास मिळाले. धुळ्याजवळ लळिंग घाट, सुरतेच्या मार्गावर कोंडाईबारी, तर शिरपूरच्या पुढे सेंधव्याकडे जाताना बिजासन घाट लागतो. भरलेली गाडी चढावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, मिनिटाला एक ते अडीच हजार फेऱ्यांच्या टप्प्यात ओढावी लागते. येथे गाडीचा कमाल वेग उपयोगी पडत नाही, तर कमी फेऱ्यांवरील ओढ म्हणजेच टॉर्क उपयोगी पडतो. त्यात उन्हाळ्याची भर पडते. 25 अंश सेल्सिअसच्या तुलनेत 45 अंशांवर हवेची घनता सुमारे 6 टक्क्यांनी घटते व तेवढा प्राणवायू इंजिनास कमी मिळतो. अशा प्रदेशात ओढीतील थोडी घटही चालकास जाणवते.

मोटारींचे बदलते स्वरूप :

1940 च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. सुमारे 2.2 लिटरच्या या गाडीच्या इंजिनाचा कमाल टॉर्क मिनिटाला 2000 फेऱ्यांच्या आसपास मिळत असे. घाट व कच्चे रस्ते यांना ती मानवली, याचे हे एक कारण होय. वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीची 1089 सीसीची पद्मिनी आणि डिसेंबर 1983 मध्ये आलेली 796 सीसीची, तीन सिलिंडरची मारुती 800 यांनी मध्यमवर्गास मोटार मिळवून दिली. या लहान इंजिनांत मुळातच ताकद राखीव नव्हती. चार प्रवासी व सामान घेऊन घाट चढताना जी काही ओढ असे, ती सर्व कामी लागे.

सायलेन्सरची रचना व तिचा परिणाम :

सायलेन्सर हे केवळ आवाज दाबणारे साधन नाही. मारुती 800 चे इंजिन मिनिटाला 2000 फेऱ्यांवर असताना जळालेल्या वायूचे सेकंदाला 50 झोत नळीत सोडते. प्रत्येक झोत वेगाने पुढे सरकताना आपल्यामागे कमी दाब निर्माण करतो. आत घेणारी व बाहेर सोडणारी अशा दोन्ही झडपा क्षणभर एकाच वेळी उघड्या असतात, त्या क्षणी हा कमी दाब उरलेला धूर ओढून काढतो व ताज्या मिश्रणास वाट करून देतो. ही क्रिया वायूच्या वेगावर अवलंबून असते. नळीचा व्यास 35 मिलिमीटरवरून 45 मिलिमीटर केल्यास तिचे छेदक्षेत्र सुमारे 65 टक्क्यांनी वाढते व तेवढ्याच वायूचा वेग सुमारे 40 टक्क्यांनी घटतो. परिणामी कमी फेऱ्यांवर सिलिंडरमध्ये जुना धूर काही प्रमाणात उरतो व ओढ घटू शकते.

'इंजिनाला मागून दाब हवाच' असेही सांगितले जाते, परंतु ते अचूक नाही. दाब हा अडथळाच आहे, इंजिनास हवा असतो तो वायूचा योग्य वेग. उच्च फेऱ्यांवर वायूचे प्रमाण वाढते, तेव्हा रुंद नळी लाभदायक ठरते. शर्यतीच्या मोटारीस मोकळा सायलेन्सर शोभतो तो यामुळेच. मात्र औट्रम घाटातील भरलेल्या मोटारीची गरज त्याच्या नेमकी उलट असते.

समजुतीचा उगम :

मोठ्या आवाजाच्या प्रतिष्ठेचे मूळ काही अंशी दुचाकींत शोधावे लागते. 1985 मध्ये भारतात आलेल्या यामाहा आरएक्स 100 सारख्या टू-स्ट्रोक गाड्यांच्या आवाजाचे तरुणांना आकर्षण होते. वस्तुतः टू-स्ट्रोक इंजिनात सायलेन्सरचा फुगीर भाग दाबलहरी परतवून, बाहेर निसटणारे ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलतो. जर्मन अभियंता वॉल्टर काडेन याने 1950 च्या दशकात हे तत्त्व शर्यतीच्या गाड्यांत विकसित केले. म्हणजे ज्या इंजिनावरून ही समजूत दृढ झाली, तेथेही ताकद नळीच्या मापात होती, आवाजात नव्हती.

कायद्याची वाटचाल :

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 120 ने प्रत्येक मोटारीस आवाज कमी करणारा सायलेन्सर बंधनकारक केला. 1995 पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आवश्यक ठरला. 2000 मध्ये मोटार वाहन कायद्याचे कलम 52 सुधारून मूळ रचनेतील बदलांवर कडक मर्यादा आली व जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीस दुजोरा दिला. 2019 च्या दुरुस्तीने अशा बदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंडाची तरतूद केली. एप्रिल 2020 पासून बीएस-6 मानके लागू झाल्यावर सायलेन्सर, संवेदक व इंधनपुरवठा यांची सांगड अधिकच घट्ट झाली. या वाटचालीत कायद्याने प्रथम आवाजाचा, नंतर धुराचा व पुढे वाहनाच्या मूळ रचनेचा विचार केला. मात्र मालकाच्या स्वतःच्या नुकसानीचा मुद्दा कायद्याच्या भाषेत येत नाही.

निष्कर्ष :

1. सायलेन्सर हा इंजिनाचाच एक भाग असून त्याचे माप इंजिनाच्या वापराशी निगडित असते.
2. अवाजवी रुंद व मोकळ्या सायलेन्सरने उच्च फेऱ्यांवर लाभ संभवतो, परंतु कमी फेऱ्यांवरील ओढ घटण्याची शक्यता असते.
3. घाट, उष्मा व भरलेली वाहने या खानदेशच्या परिस्थितीत ही घट अधिक महत्त्वाची ठरते.
4. केवळ दंडाची भीती पुरेशी नाही. 'यात गाडीची ओढ जाते' हे गॅरेजमधील कारागीर व आयटीआयमधील विद्यार्थी यांच्यापर्यंत पोहोचणे आवश्यक आहे. ज्या मालकास दुसऱ्याच्या कानाची पर्वा नाही, त्यालाही आपल्या गाडीची पर्वा असते, हे लक्षात घेऊन प्रबोधन झाल्यास ते अधिक परिणामकारक ठरेल.