मोटारीचे तोंड आणि वाऱ्याची वाट

१९५५ च्या सत्याग्रहामुळे ज्या पत्रादेवीचे नाव महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचले, त्याच पत्रादेवीवरून आज मोटारींची अखंड रांग गोव्यात उतरत असते. पेडणे तालुक्यात महामार्ग रुंद झाला, २०२२ च्या डिसेंबरात मोपाच्या विमानतळाचे उद्घाटन झाले आणि कोलवाळच्या पुलापर्यंत गाड्या वेगाने धावू लागल्या. शेजारच्या डिचोली तालुक्याचा थाट निराळा. तेथे वळणावळणाचे रस्ते, नद्यांकाठचे धक्के, लोहखनिजाची तांबडी धूळ आणि साखळीवरून पुढे गेले की चोर्ल्याचा घाट. दोन्ही तालुक्यांतून जाणारी गाडी एकच असली, तरी तिच्या पुढल्या जाळीकडून हे दोन रस्ते दोन अगदी विरुद्ध गोष्टी मागतात.

मोटारीच्या तोंडावरील ही जाळी झाकली, तर वाऱ्याचा विरोध कमी होतो व इंधन वाचते, हा शोध हौशी मोटारवाल्यांनी जगभर पुनःपुन्हा लावला आहे. पुठ्ठा किंवा प्लॅस्टिकचा पत्रा घ्यावा, चिकटपट्टीने तो पुढे डकवावा आणि प्रवासास निघावे, इतकी ही कृती सोपी. पुढे पट्टी काढताना तिच्याबरोबर रंगाचा पापुद्राही निघून येतो, हा अनुभवही तितकाच जुना आहे. या दोन्ही गोष्टींचा इतिहास मात्र फारसा कोणी सांगत नाही.

मोटारीला हे तोंड मुळात उष्णतेपायी लाभले. आरंभीच्या गाड्यांत इंजिन लहान होते व पाण्याचा साठा उकळून वाफ झाली तरी चालत असे. १९०१ साली विल्हेल्म मायबाख या जर्मन यंत्रज्ञाची पस्तीस अश्वशक्तीची मर्सिडीझ रस्त्यावर आली. तिच्या पुढील भागात त्याने मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसविला होता. आठ हजारांहून अधिक बारीक नळ्यांमधून वारा जाई आणि त्यांच्या भोवतीचे पाणी थंड होई. तेव्हापासून मोटारीचा चेहरा म्हणजे रेडिएटर असे समीकरणच झाले. घराण्याची मुद्रा असावी त्याप्रमाणे प्रत्येक कारखान्याने आपापली जाळी घडविली आणि मग ती लहान करणे म्हणजे घराण्याची अब्रू कमी करणे असे वाटू लागले. थंड देशांत मात्र सकाळी इंजिन तापेचना. म्हणून तेथील लोक रेडिएटरवर कातडी किंवा कापडी आच्छादन बांधीत, आणि रोल्स रॉइससारख्या श्रीमंती गाड्यांच्या रेडिएटरपुढे उघडझाप करता येणाऱ्या झडपा १९२०-३० च्या दशकातच आल्या होत्या. तात्पर्य, तोंड झाकण्याची कल्पना प्रथम आली ती थंडीमुळे. वाऱ्याचा विचार नंतरचा.

तो विचार विमानविद्येने मोटारीच्या दारी आणला. एडमुंड रुम्प्लर या ऑस्ट्रियन विमानरचनाकाराने १९२१ साली बर्लिनच्या प्रदर्शनात पाण्याच्या थेंबाच्या आकाराची मोटार मांडली. झेपेलिन हवाईजहाजांच्या कारखान्यात काम केलेल्या पाउल यारायने त्याच सुमारास प्रवाहानुकूल मोटारीचे आराखडे केले. त्याच्या तत्त्वांवर बेतलेली चेकोस्लोव्हाकियाची टाट्रा ७७ ही गाडी १९३४ साली निघाली. तिचे इंजिन मागे व वाऱ्याने थंड होणारे, म्हणून पुढे जाळीच नाही. त्याच वर्षी अमेरिकेत क्रायस्लरने ‘एअरफ्लो’ विकावयास काढली. तिच्या पुढचा उतरता, गोलसर मुखवटा गिऱ्हाइकांना रुचला नाही. गाडी पडली आणि अमेरिकन कारखानदारांनी पुढे पुष्कळ वर्षे तो धडा लक्षात ठेवला. मोटारीचे तोंड हे यंत्राइतकेच रूढीचेही बनलेले असते, हे असे सिद्ध झाले.

परंतु या विषयातील खरा बोधप्रद प्रयोग मोटारीवर झालाच नाही. तो विमानावर झाला. १९२० नंतरच्या अनेक विमानांच्या नाकाशी वर्तुळाकार मांडलेले सिलिंडर उघडेच असत. ते झाकले तर तापून जळतील, अशी सर्वांची खात्री होती. अमेरिकेतील लँग्ली येथील प्रयोगशाळेत फ्रेड वाइक व त्याचे सहकारी यांनी मोठ्या वातबोगद्यात या समजुतीची परीक्षा घेतली. पहिल्या खटपटीत काही सिलिंडर खरोखरच अति तापले. तेव्हा त्यांनी आवरणाच्या आत वारा वळविणारे पडदे बसविले आणि प्रत्येक सिलिंडरच्या अंगावरून त्याला नेऊन मागील फटीतून सुरळीत बाहेर काढले. १९२८ साली हे आवरण चढविलेल्या कर्टिस हॉक विमानाचा वेग ताशी ११८ मैलांवरून १३७ मैलांवर गेला. इंजिन तेच, आणि गारवाही पुरेसा. या कामगिरीला १९२९ चे कॉलियर पारितोषिक मिळाले. वारा कोंडण्याने हे यश आले नव्हते. थोड्या वाऱ्याला नीट वाट दिली, आत येण्याची आणि बाहेर जाण्याचीही, म्हणून ते आले. पुठ्ठा डकविणारा मोटारवाला नेमका याच ठिकाणी फसतो.

मोटारीत जाळीतून शिरलेला वारा रेडिएटरमधून पुढे जातो, इंजिनाच्या खोबणीत धडपडतो आणि पोटाखालून कसाबसा बाहेर पडतो. या धडपडीचा वाटा गाडीच्या एकूण वायुविरोधात साधारणतः पाच ते दहा टक्के असतो. शिवाय वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ऐंशी किलोमीटरला जो विरोध, त्याच्या केवळ चौथा हिस्सा चाळीसला. यावरून पेडणे-डिचोलीचा हिशेब कोणीही मांडावा. महामार्गावर झाकणाचा थोडासा लाभ आहे. नारव्याच्या धक्क्यावर दिवाडीच्या फेरीबोटीची वाट पाहत उभ्या असलेल्या गाडीला तो शून्य. केरीच्या चढावर तर तोटाच. (केरी म्हणजे सत्तरीतील केरी; तेरेखोलची फेरीबोट सुटते ते केरी पेडण्यातील आहे, आणि परक्या पाहुण्यांचा येथे हमखास घोटाळा होतो.) चोर्ला चढताना इंजिन पूर्ण भाराने राबते, गाडी मात्र संथ चालते, समोरून येणारा वारा अगदी कमी आणि उष्णता सर्वांत अधिक. भरीस भर म्हणून वातानुकूलनाचे उष्णता टाकणारे जाळेही रेडिएटरच्याच पुढे बसविलेले असते. भाड्याच्या गाडीवर ज्याचे घर चालते, त्याने अशा वेळी तोंड बंद ठेवले, तर वाचलेल्या पेट्रोलच्या शेकडोपट दाम त्याला इंजिनदुरुस्तीत मोजावे लागतील.

राहिला रंग. गंमत अशी की, चिकटपट्टीचा जन्मच मोटारीचा रंग वाचविण्यासाठी झाला. १९२३-२४ च्या सुमारास अमेरिकेत झटपट वाळणारे सेल्युलोज रंग आले आणि दुरंगी मोटारींची फॅशन सुरू झाली. एक रंग देताना दुसरा भाग वर्तमानपत्राने झाकावा लागे. तो डिंकाने वा जाड पट्टीने चिकटवीत आणि उखडताना ताजा रंगही उखडत. सेंट पॉल येथील थ्रीएम या घासकागदाच्या कंपनीतला तरुण प्रयोगशाळा-सहायक रिचर्ड ड्रू रंगशाळेत गेला असता कारागिरांची ही चडफड त्याच्या कानी पडली. दोन वर्षे खटपट करून १९२५ साली त्याने सुरकुतीदार कागदाची, हलक्या हाताने निघणारी पट्टी तयार केली. तीच मास्किंग टेप.

पण तीही काही तासांच्याच कामाची. उन्हात महिनोन्‌महिने राहिलेला चिकटा रंगात मुरतो, आणि गॅरेजात पुन्हा दिलेला रंग कारखान्यातील भट्टीत भाजलेल्या रंगाइतका घट्ट कधीच धरलेला नसतो. मोरजी-हरमलची खारी हवा व चार महिन्यांचा पाऊस झाकणाच्या कडेखाली ओल साठवितात. डिचोलीची धूळ तर याहून वाईट. शिरगाव, पाळी, वेळगे येथील खाणींतून नदीच्या धक्क्यांकडे ट्रक धावत, तेव्हा रस्ते तांबडे होत. २०१२ साली खाणी थांबल्या, काही काळाने सुरू झाल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि पुढे लिलावानंतर डिचोलीत पुन्हा खोदकाम सुरू झाले. धुळीनेही तसेच चढउतार पाहिले. हेमॅटाइटचे हे कण रंगापेक्षा कठीण असतात. आच्छादन आणि पत्रा यांच्यामध्ये ते सापडले, की गाडीच्या प्रत्येक थरथरीगणिक घासकागदाचे काम करतात.

म्हणून जाणते कारागीर रंगाला हात लावीतच नाहीत. ते जाळीच्या आतल्या बाजूने, पंख्यापासून दूर, पातळ फळी बसवितात, ती जाळीच्याच काड्यांना बांधतात आणि निम्म्याहून अधिक तोंड उघडे ठेवतात. साखळीच्या बाजारात गाडी थांबवून ती सोडावयास दोन मिनिटे पुरतात. अलीकडील कित्येक गाड्यांत हेच काम विजेच्या झडपा आपोआप करतात. पाणी तापले की उघडतात, वेग वाढला की मिटतात. २०२० साली टाटांनी बाजारात आणलेल्या विजेच्या नेक्सॉनचे तोंड तर वरून जवळजवळ बंदच होते, कारण तिला इंजिन नाही. तथापि बॅटरी तापतेच, आणि वातानुकूलनही लागतेच. त्यामुळे अशा गाड्यांच्याही हनुवटीखाली एक अरुंद फट राखलेली असते, आणि डिचोलीची तांबडी धूळ तिच्यातूनही आत जाते.