लोकसंख्येच्या मनोऱ्याची कुळकथा

भूगोलाच्या वहीत पट्टीने आखलेला लोकसंख्येचा मनोरा बहुतेकांना आठवत असेल. मधोमध उभी रेघ, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला स्त्रिया, तळाशी तान्ही मुलं आणि शेंड्यावर म्हातारीकोतारी माणसं. या आकृतीचा जन्म अमेरिकेतल्या जनगणनेच्या कचेरीतला. यादवी युद्धात लढून आलेला फ्रान्सिस वॉकर हा तरुण १८७० च्या जनगणनेचा प्रमुख होता. त्या आकड्यांवरून १८७४ मध्ये त्याने एक भलाथोरला सांख्यिकी नकाशासंग्रह काढला आणि त्यात राज्याराज्यांच्या वयाच्या आकृत्या छापल्या. खाणींवर पोट भरणाऱ्या नेवाडाच्या आकृतीत कर्त्या पुरुषांची बाजू फुगलेली आणि बायका-मुलांची बाजू रोडावलेली. कोण कुठून कामाला आलं आहे, हे एका नजरेत कळत होतं. पुढे काय होणार, हे मात्र त्यातून वाचायला अजून कोणी शिकलं नव्हतं.

ते शिकवलं स्वीडनने. तिथे १७४९ पासून गावोगावचे धर्मगुरू जन्म-मृत्यूंच्या नोंदी आणि माणसांची वयं छापील तक्त्यांत भरून सरकारला पाठवत होते. दीडशे वर्षांची ही शिदोरी गुस्ताव सुंडबर्ग या संख्याशास्त्रज्ञाच्या हाती आली. त्याच्या लक्षात आलं की, १५ ते ४९ वयाची माणसं कुठेही साधारण निम्मीच भरतात. फरक पडतो तो उरलेल्या निम्म्यात. एकूण लोकसंख्येत मुलं चाळीस टक्के आणि पन्नाशीपुढचे दहा टक्के असतील, तर तो समाज वाढता. मुलं वीस आणि पन्नाशीपुढचे तीस टक्के असतील, तर घटता. दोहोंच्या मध्ये स्थिरावलेला. १९०० मध्ये मांडलेली ही विभागणी आजही पाठ्यपुस्तकांत वेगवेगळ्या नावांनी भेटते.

मनोऱ्याचं खरं मर्म असं, की त्याची प्रत्येक पायरी दरवर्षी एक घर वर सरकते. मृत्यू आणि स्थलांतर तिची रुंदी थोडीफार बदलतात, पण जी मुलं जन्मलीच नाहीत ती मागाहून भरून काढता येत नाहीत. जपानचा मनोरा पाहा. १९६६ हे तिथल्या पंचांगातलं ‘अग्नि-अश्व’ वर्ष. त्या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याच्या मुळावर येते, अशी समजूत. १९६५ मध्ये १८ लाखांवर बाळं जन्मली होती. १९६६ मध्ये साडेतेरा लाखांच्या आसपासच जन्मली आणि पुढच्याच वर्षी आकडा १९ लाखांवर गेला. ती खाच पायरी-पायरीने चढत २०२६ मध्ये साठीला पोचते. वाटेत शाळेचे वर्ग, नोकरीचे उमेदवार, होऊ घातलेल्या आया असं सगळंच त्या वयोगटात कमी पडत गेलं.

हा हिशेब गणितात बसवला आल्फ्रेड लोटका या गणितज्ञाने. १९२५ मध्ये लुई डब्लिनबरोबर लिहिलेल्या निबंधात त्याने अमेरिकेची लोकसंख्या तपासली. जन्मांतून मृत्यू वजा केले तर ती हजारी सुमारे अकराने वाढत होती. पण पूर्वीचे भरपूर जन्म आणि बाहेरून आलेले तरुण यांमुळे मुलं होण्याच्या वयाची माणसं तिथे एरवीपेक्षा जास्त होती. हा वयाचा फुगवटा बाजूला काढल्यावर खरा दर जवळपास निम्माच भरला.

नेथन कीफिट्झ या लोकसंख्याशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये याचीच दुसरी बाजू दाखवली. समजा, एखाद्या तरुण देशात आजपासून प्रत्येक जोडप्याला फक्त स्वतःची जागा भरण्यापुरतीच मुलं झाली, तरी लोकसंख्या अनेक दशकं वाढत राहील. कारण उद्याच्या आया आधीच जन्मलेल्या आहेत आणि त्या संख्येने आपल्या आयांपेक्षा जास्त आहेत. या वाढीच्या रेट्याचं त्याने सूत्रच बांधून दिलं.

आपल्याकडे मनोरा रचताना वेगळीच अडचण आली. जन्मतारीख ठाऊक नसलेली माणसं जनगणनेच्या वेळी ‘असेल चाळीस, नाहीतर पंचेचाळीस’ असं सांगत. त्यामुळे एकेका वर्षाचा मनोरा काढला की शून्य आणि पाच आकडी वयांवर काटे उभे राहत. म्हणून पाच-पाच वर्षांचे गट करून ते झाकावे लागतात.

आज भारताच्या बाबतीत कीफिट्झचा हिशेब डोळ्यांसमोर घडतो आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशाचा जननदर बाईमागे २.० मुलं निघाला, म्हणजे पिढी भरून निघायला लागणाऱ्या २.१ पेक्षाही कमी. महाराष्ट्राचा १.७, गोव्याचा १.३. तरीही संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजाप्रमाणे देशाची लोकसंख्या २०६० नंतर १७० कोटींच्या घरात जाऊन मगच उतरू लागेल. ही वाढ गेल्या दोन-तीन पिढ्यांच्या जन्मांची आहे, आजच्या पाळण्यांची नव्हे. तेव्हा ‘लोकांना फार मुलं होतात म्हणून लोकसंख्या वाढते’ असं कोणी ठासून सांगू लागलं, तर त्याला आधी मनोरा बघायला सांगा.