वर कोण, खाली कोण

भाच्याच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी परवा एक छोटीशी कार्टून फिल्म करायला बसले होते. कुंपणामागून मांजर चालत जातं, एवढीच गोष्ट. पण मांजर काही केल्या कुंपणाच्या मागे जाईना! शेवटी लेयर्सच्या यादीत मांजराचा लेयर माऊसने धरून कुंपणाच्या खाली ओढला. झालं काम, दोन सेकंदांत.

शेजारी मावशी बसली होती. म्हणाली, "आणि आता त्याचा रंग कोण बदलणार?"

मला प्रश्नच कळला नाही. मावशीने १९७०च्या दशकात दादरच्या एका छोट्या स्टुडिओत जाहिरातींच्या कार्टूनसाठी सेल रंगवले, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. पण ती तिथे नेमकं काय करायची, हे मी कधी विचारलंच नव्हतं. त्या दिवशी विचारलं, मग थोडं वाचलंही. तेच आज लिहितेय.

सुरुवातीला वर-खाली असा प्रकारच नव्हता. विन्सर मॅकेने १९१४ मध्ये 'गर्टी' नावाची डायनासोर पडद्यावर आणली, तेव्हा सगळं एकाच कागदावर होतं. गर्टी हलली की नवा कागद, आणि मागचे डोंगर, तळं, झाड जराही हललेलं नसलं तरी ते पुन्हा काढायचं. हजारो कागदांवर ही पार्श्वभूमी गिरवायला मॅकेने शेजारच्या एका मुलाला बसवलं होतं.

त्याच वर्षाच्या शेवटी अर्ल हर्डने पेटंटसाठी अर्ज केला आणि १९१५ मध्ये ते मिळालं. कल्पना साधी होती. हलणारी आकृती पारदर्शक सेल्युलॉइडवर काढायची आणि तो पत्रा एकदाच रंगवलेल्या पार्श्वभूमीवर ठेवायचा. पुढे एकावर एक असे अनेक पत्रे ठेवू लागले. धड एका सेलवर, हात दुसऱ्या, ओठ तिसऱ्या. फक्त ओठ हलत असतील तर तेवढाच सेल बदलायचा.

पण सेल पूर्ण पारदर्शक नसतो. प्रत्येक पत्रा खालच्या चित्रावर किंचित मळकट छटा टाकतो. तळाच्या सेलवरचा पांढरा शर्ट वरून बघितला तर राखाडी-पिवळा दिसायचा. तेच पात्र मध्येच वरच्या थरावर आणलं तर शर्टाचा रंग पडद्यावर टुणकन बदलायचा. म्हणून थर चार-पाचांच्या पुढे सहसा नेत नसत, आणि खालच्या थराचा रंग मुळातच उजळ कालवत. एखादा हात हलायचा थांबला आणि त्याचा सेल काढला, तर तिथे कोरा सेल ठेवायचा, म्हणजे थरांची संख्या तीच राहते. मावशीचा प्रश्न हा होता. मांजर खाली गेलं म्हणजे त्याचा नारिंगी नव्याने कालवायला हवा!

दुसरी अडचण खोलीची. थर कितीही असले तरी ते एकमेकांना चिकटूनच. कॅमेरा पुढे नेला की घराबरोबर आकाशातला चंद्रही मोठा व्हायचा. लोटे राइनिगरने जर्मनीत १९२६च्या 'प्रिन्स अख्मेद'साठी काचांचे थर वेगवेगळ्या उंचीवर ठेवून त्यांच्यावर काळ्या आकृत्या हलवल्या होत्या. डिस्नेने १९३७ मध्ये 'द ओल्ड मिल'साठी उंच मल्टिप्लेन कॅमेरा उभा केला. त्यात चित्रांचे थर वेगवेगळ्या उंचीवर ठेवायचे आणि प्रत्येक स्वतंत्रपणे सरकवायचा. घर जवळ येतं, चंद्र जागच्या जागी. त्याच वर्षीच्या 'स्नो व्हाइट'चे सेल रंगवणाऱ्या बायका शंभराहून जास्त होत्या. पडद्यावर मात्र त्यांची नावं आली नाहीत.

मुंबईत ही विद्या शिकवायला १९५६ मध्ये डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात आले. १९५७चा 'द बनियन डिअर' तिथलाच. राम मोहन यांची सुरुवातही त्याच विभागात झाली.

शेवटी कॉम्प्युटर आला. १९८४ मध्ये थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी एक चित्र दुसऱ्यावर ठेवण्याचं गणित मांडलं. 'अ' वर 'ब' आणि 'ब' वर 'अ' ही उत्तरं इथेही वेगळी येतात, पण गणितातला पत्रा स्वच्छ असतो. मळ चढत नाही. डिस्नेचा १९९०चा 'द रेस्क्यूअर्स डाउन अंडर' पूर्णपणे कॉम्प्युटरवर रंगवला गेला. पुढे फ्लॅशसारख्या सॉफ्टवेअरमुळे लेयर ओढायची सोय माझ्यासारख्यांच्या घरापर्यंत पोहोचली. त्यात यादीत जो लेयर वर, तो पडद्यावर पुढे. फ्लॅशचं नाव २०१६ मध्ये अ‍ॅनिमेट झालं, आणि नंतर त्यात प्रत्येक लेयरला कॅमेऱ्यापासूनचं अंतर द्यायची सोयही आली. म्हणजे मल्टिप्लेनच, पण बिनकाचेचा.

असो. आता जे सांगायला इतका वेळ लावला, ते. मावशीकडे एक वही होती. कुठल्या थराला कुठल्या रंगात पांढरा किती, याचे ठिपके आणि आकडे तिने त्यात लिहिले होते. २००९ मध्ये घर आवरताना ती वही मीच रद्दीत दिली. रंगांचे डाग पडलेली जुनी वही, मला काय कळणार? हे मी तिला परवा सांगितलं. ती म्हणाली, "अगं, मला वाटलं हरवली." एवढंच.

आता रोज संध्याकाळी आठवेल तेवढं ती सांगते आणि मी लिहून घेते. निळे जमले, नारिंगी अजून जुळत नाहीत. नातेवाईकांना एक विनंती: तिने लहानपणी तुम्हाला खेळायला दिलेले सेल कुणाच्या माळ्यावर असतील तर टाकू नका. त्यांना व्हिनेगरसारखा वास येत असेल तर बाकीच्या वस्तूंपासून वेगळे काढून थंड जागी ठेवा, आणि मला फोन करा.