खुणेचा फॉस्फरस

शेतकरी बंधूंनो, आपण पिकाला खत घालतो; पण त्यातले रोपाच्या अंगी किती लागले नि मातीतच किती अडकून बसले, हे कसे ओळखावे? धनगर मेंढीला खूण करतो, तशी खताला करता आली तर?

ही युक्ती हंगेरीत जन्मलेल्या जॉर्ज हेवेशी यांची. १९२३ साली कोपनहेगनला त्यांनी किरणोत्सर्गी शिशाच्या पाण्यात शेंगवर्गातली रोपे ठेवली आणि शिसे मुळांत किती, पानांत किती, ते मोजले. १९३५ मध्ये उंदरांना किरणोत्सर्गी फॉस्फरस देऊन दाखवले, की हाडेसुद्धा सतत झिजतात नि पुन्हा भरतात. १९४३ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले.

पुढे हाच फॉस्फरस-३२ खतात मिसळून पिकांवर प्रयोग झाले. पिकाला तो साध्या फॉस्फरससारखाच. फक्त किरण टाकून आपला ठावठिकाणा सांगतो. सुमारे १४ दिवसांत त्याचा जोर निम्म्यावर येतो.

मात्र जपायला हवे. पोटात गेला तर तो हाडांतच ठाण मांडतो. म्हणून प्रयोगशाळेत हातमोजे घालतात, नळी तोंडाने ओढत नाहीत, आणि मध्ये जाड पारदर्शक प्लास्टिकचा आडोसा ठेवतात. नुसते शिसे लावले तर उलट क्ष-किरण निघतात. शिक्षक बंधूंनी मुलांना उपयोग सांगताना ही काळजीही सांगावी.