इनामगाव : काही प्रस्थापित कल्पनांचा पुनर्विचार

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, भीमेस मिळणाऱ्या घोड नदीच्या उजव्या तीरावर इनामगाव आहे. तेथील पांढरीच्या टेकाडांवर पुण्याच्या डेक्कन कॉलेजाने १९६८ पासून १९८३ पर्यंत बारा हंगाम उत्खनन केले. डॉ. ह. धी. सांकळिया, डॉ. म. के. ढवळीकर व डॉ. झै. दा. अन्सारी यांनी सिद्ध केलेला त्याचा वृत्तांत १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच ताम्रपाषाणयुगीन खेड्याचे इतके विस्तृत व इतक्या चिकाटीने केलेले उत्खनन आपल्या देशात क्वचितच झाले असेल. इतिहासाच्या विद्यार्थ्यास इनामगावाचे महत्त्व आणखी एका कारणाने वाटावयास हवे. एका शास्त्रातील अनुमान दुसऱ्या शास्त्रात गेले म्हणजे त्याचे सिद्ध सत्य कसे बनते, आणि तिसरे शास्त्र त्यास पुन्हा प्रश्न कसा विचारते, याचे इतके स्पष्ट उदाहरण महाराष्ट्रात तरी दुसरे नाही.

वस्तुतः या संशोधनाचा आरंभच एका प्रस्थापित कल्पनेच्या खंडनाने झाला होता. महाराष्ट्राचा इतिहास फार तर मौर्य-सातवाहनांपासून सुरू होतो, त्यापूर्वी येथे दंडकारण्य होते, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. १९५०-५१ मध्ये प्रवरेकाठच्या जोर्वे येथे व त्यानंतर नेवासे येथे उत्खनन झाले आणि ती समजूत लयास गेली. शेती करणारी, तांबे वापरणारी, काळ्या नक्षीची तांबडी भांडी घडविणारी माणसे इसवी सनापूर्वी हजार-दीड हजार वर्षे या नद्यांच्या काठी नांदत होती, हे निर्विवाद ठरले. इनामगावाने त्या माणसांचे घर, शेत व स्मशान ही तिन्ही एकत्र दाखविली.

तेथील वस्तीचे तीन कालखंड मानले जातात : माळवा (इ. स. पू. सुमारे १६०० ते १४००), पूर्व जोर्वे (१४०० ते १०००) आणि उत्तर जोर्वे (१००० ते ७००). पहिल्या दोन कालखंडांत प्रशस्त चौकोनी घरे आहेत, धान्याचे कोठार आहे, पाणी वळविण्यासाठी खणलेला पाट व बांध आहे. उत्तर जोर्वे काळात मात्र लहान गोल झोपड्या येतात, भांड्यांचा घाट ओबडधोबड होतो, शिकारीचे प्रमाण वाढलेले दिसते. यावरून डॉ. ढवळीकरांनी जो सिद्धांत मांडला तो आपणां सर्वांस परिचित आहे. इ. स. पू. १००० च्या सुमारास हवामान रुक्ष झाले, पर्जन्य घटला, शेती खालावली; लोक अर्धभटके पशुपालक बनले आणि अखेरीस गाव ओस पडले. पर्जन्यछायेतील शिरूर-दौंडचा प्रदेश ज्याने पाहिला आहे त्यास हे कथन सहज पटते. मात्र आजच्या दुष्काळाच्या अनुभवाने तीन हजार वर्षांपूर्वीचे अनुमान आपोआप बळकट होत नाही, हे विसरता येत नाही.

या सिद्धांताचे दोन आधार परक्या शास्त्रांतून आलेले आहेत. गोल झोपडी म्हणजे फिरता समाज आणि चौकोनी घर म्हणजे स्थिर समाज, हे समीकरण मानवजातिवर्णनातून आले. मुळात ते अनेक समाजांच्या तुलनेतून निघालेले एक सर्वसाधारण निरीक्षण होते; एखाद्या विशिष्ट गावी ते लागू पडते किंवा नाही हे त्या गावच्या पुराव्यानेच ठरावयास हवे. शीना पांजा यांनी २००३ मध्ये इनामगावच्या वसाहतीची मांडणी व तेथील लोकांची भ्रमंती यांच्या संबंधाचा प्रश्न नव्याने उपस्थित केला, तो याच ठिकाणी बोट ठेवून. दुसरा आधार हवामानशास्त्राचा. येथे धोका अधिक सूक्ष्म आहे. झोपड्या व शिकार यांवरून अवर्षणाचे अनुमान करावयाचे, आणि मग त्याच अवर्षणाने झोपड्यांचे स्पष्टीकरण द्यावयाचे, असा चक्रक दोष येथे सहज शिरतो. पुढे हवामानाच्या इतिहासावर लिहिणारा अभ्यासक इनामगावचा दाखला देऊ लागला म्हणजे वर्तुळ पुरे होते.

हे वर्तुळ भेदण्याचा मार्ग अस्थींनी दाखविला, हे विशेष होय. इनामगावी दोनशेहून अधिक दफने मिळाली व त्यांत बालकांची संख्या फार मोठी आहे. दोन कुंभ तोंडास तोंड लावून आडवे ठेवावयाचे व त्यांत मूल पुरावयाचे, बहुधा घराच्या जमिनीखालीच, अशी प्रथा होती. जॉन लुकाक्स व सुभाष वाळिंबे यांनी या अवशेषांचा, विशेषतः दातांचा, बारकाईने अभ्यास केला. मुलांच्या दुधाच्या सुळ्यांवरील दोषांचा हवामान व उपजीविका यांतील बदलांशी असलेला संबंध त्यांनी १९९८ मध्ये तपासला. त्यानंतर ग्वेन रॉबिन्स शुग यांनी याच बालकांच्या अस्थींवरून लोकसंख्येचा व वाढीचा विचार करून २०११ मध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला. पर्जन्यमानाची जी स्वतंत्र साधने आता उपलब्ध आहेत त्यांवरून इ. स. पू. १००० च्या सुमारास एकाएकी अवर्षण ओढवल्याचे सिद्ध होत नाही. प्रदेश आधीपासूनच निमकोरडा होता, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

त्यांच्या युक्तिवादातील एक मुद्दा इतिहासाच्या विद्यार्थ्याने मुद्दाम समजून घ्यावा. स्मशानात बालके पुष्कळ आढळली म्हणजे बालमृत्यू वाढले, असे आपण सहज म्हणतो. लोकसंख्याशास्त्र याहून वेगळे सांगते. ज्या समाजात जन्म अधिक, त्या समाजात अल्पवयीन माणसांचा भरणा अधिक, आणि म्हणून मृतांतही बालकांचे प्रमाण अधिक. मृतांचे वयोमान मृत्यूच्या प्रमाणापेक्षा जननाच्या प्रमाणावर अधिक अवलंबून असते. या दृष्टीने पाहता उत्तर जोर्वे काळचे इनामगाव हे केवळ क्षीण होत चाललेले गाव उरत नाही. तेथे जननप्रमाण वाढलेले होते आणि त्याच वेळी मुलांच्या शरीराचे पोषण खालावले होते, असे चित्र पुढे येते. जमिनीवरचा भार, बदललेली पिके, पशूंवर अवलंबून राहणे, यांपैकी कशाचा वाटा किती हा वाद आता मातीत व हाडांत शोधता येण्याजोगा झाला आहे. आकाशाकडे बोट दाखवून तो मिटविता येत नाही.

जी गोष्ट हवामानाची, तीच गावच्या प्रमुखाची. वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचे घर व त्यालगत कोठार मिळाले. त्या घराच्या अंगणात चार पायांच्या मोठ्या मृत्कुंभात मांडी घालून बसविलेल्या प्रौढ पुरुषाचा सांगाडा सापडला. इतर प्रौढांना घोट्यापासून पावले तोडून उताणे पुरीत. याची पावले शाबूत होती. तेव्हा हा गावचा नायक असावा, हे अनुमान सयुक्तिक आहे आणि ते मांडणाऱ्यांनी अनुमान म्हणूनच मांडले. पण 'नायकसत्ताक समाज' ही संज्ञा एल्मन सर्व्हिस यांच्या १९६२ च्या ग्रंथाने रूढ केलेल्या समाजविकासाच्या पायऱ्यांतून येथे आली आहे. ती स्वीकारली की कोठार म्हणजे करवसुली, पाट म्हणजे केंद्रीय नियंत्रण, असे अर्थ तिच्यामागोमाग येऊ लागतात. आमच्या खेड्यांत पाटाचे पाणी पाळीने घेण्याची व त्याची डागडुजी सर्वांनी मिळून करण्याची रीत कोणा राजाने घालून दिलेली नव्हती, एवढे तरी येथे ध्यानात घ्यावे. सहावीच्या शालेय पाठ्यपुस्तकाने या सांगाड्याविषयी विद्यार्थ्यांना तो प्रमुखाचा असेल काय असा प्रश्नच विचारला होता. कित्येक प्रबंधांत मात्र त्याचे ठाम विधान झालेले आढळते.

डॉ. ढवळीकरांच्या कार्याचे मूल्य या चर्चेने उणे होत नाही. त्यांनी प्रत्येक घर, प्रत्येक दफन व त्याचा थर नोंदवून ठेवला, म्हणूनच त्यांच्या सिद्धांताविरुद्धचा पुरावाही त्यांच्याच वृत्तांतातून काढता आला. इ. स. पू. ७०० च्या सुमारास गाव ओस पडले, हे मात्र कोणीच नाकारीत नाही. अवर्षण हे एकमेव कारण नसेल, तर जननप्रमाण वाढलेल्या त्या वस्तीतील माणसे गेली कोठे, या प्रश्नाचे उत्तर आता इनामगावाबाहेर, घोड व भीमेच्या काठच्या इतर पांढरींत शोधावे लागेल.